स्वस्त पीसीएम ५१०२ए डॅक बोर्ड सुधारताना: आधी जंपर, मग पॉवर, बाकीचं नंतर

रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला जोडायचा जांभळ्या रंगाचा छोटा डॅक बोर्ड (डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांतून ऐकण्याजोगा सिग्नल बनवणारा भाग) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळतो. त्यावर जीवाय-पीसीएम ५१०२ असं छापलेलं असतं, एका बाजूला हेडफोनसारखा ३.५ मिमीचा जॅक असतो आणि मधोमध वीस पायांची टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२ए ही चिप असते. चिप खरोखर चांगली आहे. डायनॅमिक रेंज ११२ डेसिबल, फुल स्केलला २.१ व्होल्ट आरएमएस आउटपुट, तेही शून्याभोवती वरखाली होणारं, म्हणजे आउटपुटला कपलिंग कपॅसिटर लागतच नाही. याच घराण्यातली ५१०१ए १०६ डेसिबलची आणि ५१००ए १०० डेसिबलची, म्हणून घेताना चिपवरचा आकडा भिंगाने वाचून घ्या.

बोर्ड स्वस्त होतो तो चिपच्या भोवतालच्या सामानामुळे. रेग्युलेटर साधे, कपॅसिटर मिळतील ते, जंपर (सोल्डरने जोडायचे ठिपके) अर्धवट सोडलेले. त्यामुळे सुधारणा करायची ती या भोवतालात. महागडे ‘ऑडिओ ग्रेड’ कपॅसिटर, चांदीच्या तारा यांवर पैसे घालण्याआधी खालची कामं क्रमाने करा. पहिल्या दोन कामांतच बहुतेक फरक पडतो.

जंपर

नवा बोर्ड जोडला आणि आवाजच येत नाही, किंवा मधूनच किरकिर होते, याचं सगळ्यात नेहमीचं कारण सुटे जंपर. बोर्ड उलटा केला की तीन-तीन ठिपक्यांचे चार गट दिसतात. मधला ठिपका चिपच्या पायाला जातो, एका बाजूचा ‘एल’ म्हणजे ग्राउंड आणि दुसऱ्या बाजूचा ‘एच’ म्हणजे ३.३ व्होल्ट. मधला ठिपका योग्य बाजूच्या ठिपक्याशी सोल्डरच्या थेंबाने जोडायचा:

पहिला (एफएलटी) एल कडे. यामुळे नेहमीचा डिजिटल फिल्टर चालू राहतो. एच केलं तर कमी विलंबाचा फिल्टर लागतो. तो गाणं ऐकण्यासाठी लागत नाही.

दुसरा (डीईएमपी) एल कडे. हा चुकून एच झाला तर ४४.१ किलोहर्ट्झला डी-एम्फसिस (वरचे स्वर दाबणारा फिल्टर) लागू होतो आणि २० किलोहर्ट्झपाशी आवाज साधारण साडेनऊ डेसिबल खाली जातो. झांज, घुंगरू, तबल्याची चाट, सगळं गोधडीखाली गेल्यासारखं ऐकू येतं. लोक त्याला ‘उबदार आवाज’ समजून तसाच ठेवतात, म्हणून हे तपासाच.

तिसरा (एक्सएसएमटी) एच कडे. हा म्यूटचा पाय आहे. एल म्हणजे बंद. तरंगता, म्हणजे कुठेच न जोडता, सोडला तर कधी चालू, कधी बंद.

चौथा (एफएमटी) एल कडे, म्हणजे आय-टू-एस (चिपांमध्ये डिजिटल आवाज नेण्याची पद्धत). एच केला तर चिप डेटा एक बिट अलीकडे वाचते आणि आवाज भयानक फाटतो. असं झालं तर स्पीकरचा आवाज लगेच बंद करा, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो.

पुढच्या बाजूला एससीके लिहिलेल्या पायाजवळ दोन ठिपके आहेत, तेही एकमेकांना जोडा म्हणजे एससीके ग्राउंडला जाईल. रास्पबेरी पाय मास्टर क्लॉक (चिपची मुख्य लय, जी एससीकेवर यायची) देत नाही. एससीके ग्राउंडला असला की चिप बीसीके (एकेका बिटचं क्लॉक) वरून पीएलएल या आतल्या सर्किटने आपलं क्लॉक स्वतः बनवते. हा पाय तरंगता राहिला तर आजूबाजूचा गोंगाट त्याला क्लॉक वाटतो आणि त्यातून टकटक, किरकिर सुरू होते.

इथेच एक मोह आवरा. एससीकेला २४.५७६ मेगाहर्ट्झचा वेगळा ऑसिलेटर लावला की जिटर (क्लॉकच्या ठेक्यातली थरथर) जाईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. या चिपला मास्टर क्लॉक दिलंच तर ते एलआरसीकेशी (डावा-उजवा चॅनेल ठरवणारं क्लॉक, बोर्डावर एलसीके) बांधलेलं असावं लागतं. रास्पबेरी पाय आपल्या क्रिस्टलवरून बीसीके बनवणार आणि एससीके भलत्याच क्रिस्टलवरून येणार, तर दोन्ही एकमेकांपासून सरकत जातात आणि ठरावीक वेळाने टक असा आवाज येत राहतो. ५१०२ए फक्त स्लेव्ह म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या क्लॉकवर, चालते. डॅकने क्लॉक द्यायचं असेल तर तिची थोरली भावंडं, ५१२२ वगैरे, घ्यावी लागतात.

जोडणी

रास्पबेरी पायच्या हेडरवर (पिनांच्या पट्टीवर) १२ नंबरची पिन (जीपीआयओ १८) बीसीके, ३५ नंबर (जीपीआयओ १९) एलसीके आणि ४० नंबर (जीपीआयओ २१) डीआयएन, म्हणजे डेटा. पाच व्होल्ट २ किंवा ४ वर. ग्राउंडसाठी १४, ३४ आणि ३९ या पिना सोयीच्या, कारण त्या अनुक्रमे १२, ३५ आणि ४० च्या लगत आहेत. प्रत्येक सिग्नल तारेला शेजारच्या ग्राउंडची तार पिळून घ्या आणि लांबी १० सेंटीमीटरच्या आत ठेवा. २० सेंटीमीटरच्या रंगीबेरंगी जंपर वायर टेबलावर तपासणीपुरत्या ठीक, कायमच्या नकोत.

४८ किलोहर्ट्झला बीसीके ३.०७२ मेगाहर्ट्झने धावतो. त्याची वारंवारिता फार नाही, पण पायच्या पिनेतून निघणारी धार फार तीव्र असते. तारेच्या टोकाला ती आपटून परत येते, थरथरते आणि ती थरथर ग्राउंडमार्गे अ‍ॅनालॉग भागात शिरते. यावर उपाय अगदी स्वस्त: तिन्ही तारांत ३३ ओहमचा एकेक रेझिस्टर, पायच्या टोकाला. २२ ते ४७ ओहममधलं काहीही चालेल. डॅकच्या टोकाला लावला तर उपयोग नाही, कारण आवर घालायचा तो उगमाशी.

सॉफ्टवेअरमध्ये पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये हायफायबेरी-डॅक हा ओव्हरले (हार्डवेअरची ओळख देणारी सेटिंग) चालू करा आणि अंगभूत ऑडिओची ओळ बंद करा. रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. जुन्या जागी बदल करून काहीच होत नाही म्हणून डोकं धरून बसण्याआधी हे पाहा. गाणी वाजवण्यासाठी एमपीडी, व्हॉल्युमिओ किंवा मूडसारखं काही वापरा आणि आउटपुट थेट अल्साच्या (लिनक्सच्या आवाज-यंत्रणेच्या) हार्डवेअर डिव्हाइसला द्या. डेस्कटॉपचं साउंड सर्व्हर मध्ये आलं की ४४.१ किलोहर्ट्झचं ४८ होतं, आणि मग बोर्डात काय बदललं आणि काय नाही हे कानाला कळणं अवघड.

या चिपमध्ये व्हॉल्यूमची सोय नाही. सॉफ्टवेअर व्हॉल्यूम वापरायचाच असेल तर आउटपुट ३२ बिटला ठेवून वापरा, १६ बिटला ठेवून नको.

पॉवर: पाच-दहा रुपयांचं काम

पायचे ५ व्होल्ट म्हणजे गोंगाटाचा बाजार. प्रोसेसर, यूएसबी, वायफाय, सगळे त्याच ताटात जेवतात. बोर्डावर ३.३ व्होल्टचे छोटे तीन पायांचे रेग्युलेटर आहेत, बहुधा ‘६६२के’ अशा खुणेचे, म्हणजे एक्ससी ६२०६. हा बॅटरीवरच्या खेळण्यांसाठी केलेला रेग्युलेटर. स्वतः चालायला तो जेमतेम १ मायक्रोअँपिअर घेतो, आणि म्हणूनच आळशी आहे. इनपुटला वेगाने काही हललं तर ते थोपवायला त्याला वेळ मिळत नाही, ते बरंचसं पलीकडे जातं. म्हणून घाण रेग्युलेटरपर्यंत पोहोचण्याआधीच अडवायची.

पायच्या ५ व्होल्टकडून बोर्डाच्या व्हीआयएनला (पॉवर आत घेणाऱ्या पिनेला) जाणाऱ्या तारेत १० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर घाला. बोर्डाच्या बाजूला, व्हीआयएन आणि जीएनडी पिनांच्या अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक आणि त्याला समांतर १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा. धन-ऋण नीट पाहा. ही जोडी ३४ हर्ट्झच्या वरचं सगळं दाबायला लागते. १ किलोहर्ट्झला साधारण २९ डेसिबल. त्याच्या पुढे इलेक्ट्रोलिटिकचा आतला रोध आड येतो आणि म्हणूनच सिरॅमिकची सोबत.

या रेझिस्टरचा दुसरा फायदा असा की तो मीटरचं काम करतो. बोर्ड चालू असताना त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. ०.२ ते ०.४ व्होल्ट आले म्हणजे बोर्ड २० ते ४० मिलीअँपिअर घेतोय, ठीक आहे. एक व्होल्टच्या वर आले तर कुठेतरी सोल्डरचा थेंब भलतीकडे गेलाय. बंद करा आणि शोधा.

रेझिस्टर १०० ओहमचा केला तर फिल्टर दहापट चांगला होईल, हा हिशोब कागदावर बरोबर आहे, पण ३० मिलीअँपिअरला ३ व्होल्ट तिथेच पडतील आणि रेग्युलेटरला २ व्होल्ट उरतील. १५ ओहमच्या पुढे जाऊ नका.

इथपर्यंत करून थांबलात तरी चालेल. रात्री खोली शांत असताना तानपुऱ्याचा खर्ज विरत जातो तिथे कान द्या. आधी त्या विरण्यावर बारीक किरकिरीचा थर असायचा, तो बराच खाली गेलेला असेल.

पॉवर: नीट करायची तर

आता रेग्युलेटरच बदलू. एलपी ५९०७ चा ३.३ व्होल्टचा, पाच पायांचा एसओटी-२३ प्रकार घ्या. त्याचा स्वतःचा गोंगाट ६.५ मायक्रोव्होल्टच्या आसपास, १ किलोहर्ट्झला इनपुटचा गोंगाट ८२ डेसिबलने दाबतो, आणि २५० मिलीअँपिअर देतो, आपल्याला त्याचा आठवा हिस्साही लागत नाही. मात्र इनपुट ५.५ व्होल्टच्या वर नको.

तो थेट जुन्याच्या जागी बसत नाही, पायांची मांडणी वेगळी आहे. छोट्या अ‍ॅडॅप्टर पट्टीवर सोल्डर करा: पाय १ इनपुट, २ ग्राउंड, ३ एनेबल (इनपुटलाच जोडा), ४ मोकळा, ५ आउटपुट. इनपुटला आणि आउटपुटला प्रत्येकी १ मायक्रोफॅरडचा एक्स ७ आर सिरॅमिक, पायाला चिकटून. पट्टी बोर्डापासून तीन-चार सेंटीमीटरच्या आत असू द्या.

मग बोर्डावरचा जुना अ‍ॅनालॉग रेग्युलेटर काढायचा. कोणता, ते अंदाजाने ठरवू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ‘ए ३ व्ही ३’ या पिनेपासून चिपच्या पाय ८ (अ‍ॅनालॉग सप्लाय) आणि पाय १ (चार्ज पंपाचा सप्लाय) यांच्याकडे बीप येतो का पाहा, आणि तीच रेषा कोणत्या रेग्युलेटरच्या आउटपुटला जाते ते शोधा. पाय २० (डिजिटल सप्लाय) बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या रेग्युलेटरवर असतो, त्याला हात लावू नका. तुमच्या बोर्डावर तिन्ही एकाच रेषेवर निघाले तर तो एकच काढायचा आणि सगळं नव्यावर चालवायचं.

काढताना तिन्ही पायांवर भरपूर फ्लक्स आणि ताजं सोल्डर चढवा, गन ३४० अंशांवर ठेवून दोन्ही बाजू आलटून पालटून तापवा आणि चिमट्याने बाजूला सरकवा. उचलायची घाई केली की तांब्याची पट्टी उखडते. मग एलपी ५९०७ चं आउटपुट ए ३ व्ही ३ पिनेवर, ग्राउंड शेजारच्या एजीएनडीवर. जुना न काढता नवा समांतर जोडणं चुकीचं. दोघांतला किंचित जास्त व्होल्टेजचा जो असेल तोच काम करतो, आणि तो जुनाही असू शकतो.

या नव्या रेग्युलेटरच्या आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा मोह प्रत्येकाला होतो. लावू नका. एलपी ५९०७ साधारण १ ते १० मायक्रोफॅरडसाठी आखलेला आहे, त्याबाहेर गेलं की तो स्थिर राहील याची खात्री नाही, आणि डोलायला लागलेला रेग्युलेटर जुन्या ६६२के पेक्षाही वाईट. मोठे कपॅसिटर नेहमी रेग्युलेटरच्या आधी.

इनपुटला काय द्यायचं? वरचं १० ओहम-४७० मायक्रोफॅरडचं गाळलेलं ५ व्होल्ट चालेल. पण मनापासून सुचवावं असं साधन म्हणजे एक संरक्षित १८६५० लिथियम सेल. पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट, ५.५ च्या आत. २५०० मिलीअँपिअर-तासांचा सेल ३० मिलीअँपिअरला ऐंशी तासांच्या आसपास जातो. मेन्सचं वायरिंग नाही, ट्रान्सफॉर्मरची घरघर नाही, शॉकची भीती नाही. सेलच्या धन टोकाला २५० मिलीअँपिअरचा फ्यूज, मग स्विच, आणि स्विचनंतर दोन फाटे: एक बोर्डाच्या व्हीआयएनला (डिजिटल रेग्युलेटरसाठी) आणि एक एलपी ५९०७ ला. पायचे ५ व्होल्ट आता बोर्डाला जोडायचेच नाहीत, फक्त तीन सिग्नल आणि ग्राउंड.

सेल ३.५ व्होल्टवर आला की चार्जिंगला काढा. त्याखाली रेग्युलेटरला हालचालीला जागा उरत नाही. गाणं चालू असताना पायच्याच अ‍ॅडॅप्टरवरून सेल चार्ज केला तर जी घाण बाहेर ठेवायला एवढं केलं तीच मागच्या दाराने आत येते.

चालू करताना आधी डॅक, मग रास्पबेरी पाय. बंद करताना आधी रास्पबेरी पाय. डॅकला पॉवर नसताना रास्पबेरी पाय सिग्नल देत राहिला तर तो करंट चिपच्या इनपुटच्या संरक्षक डायोडमधून आत शिरतो आणि चिप अर्धवट जागी होते. आधी लावलेले ३३ ओहम इथे थोडं रक्षण करतात, पूर्ण नाही.

चार्ज पंप आणि आउटपुटचे कपॅसिटर

एकाच ३.३ व्होल्टवर चालून शून्याभोवतीचं आउटपुट कसं मिळतं? चिप आतल्या चार्ज पंपाने उणे ३.३ व्होल्ट बनवते. त्यासाठी पाय २ आणि ४ यांच्यामध्ये २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पाय ५ पासून ग्राउंडला दुसरा २.२ मायक्रोफॅरडचा लागतो. स्वस्त बोर्डांवर इथे कधी हलक्या प्रतीचे सिरॅमिक असतात, ज्यांची क्षमता त्यांच्यावर व्होल्टेज येताच निम्म्याखाली येते.

तपासायचं सोपं. पाय ५ च्या कपॅसिटरवर, बोर्ड चालू आणि जोरात गाणं लावून, ग्राउंडच्या तुलनेत डीसी व्होल्टेज मोजा. उणे ३.१ ते ३.३ च्या आसपास असेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. उणे २.८ किंवा त्याहूनही शून्याकडे असेल तर उणी बाजू टोकाला छाटली जाते. तेव्हा दोन्ही कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट, एक्स ७ आर असे बदला. जास्त मायक्रोफॅरड घालून काही मिळत नाही. मापी प्रोब चिपच्या पायावर टेकवू नका, पायांमध्ये ०.६५ मिमीचंच अंतर आहे, निसटला की शेजारचा पाय शॉर्ट. कपॅसिटरच्या टोकावरच मोजा.

आउटपुटला प्रत्येक चॅनेलवर ४७० ओहम आणि २.२ नॅनोफॅरडचा फिल्टर असतो. १५४ किलोहर्ट्झच्या वरचा डिजिटल कचरा तो खाली आणतो आणि २० किलोहर्ट्झला जेमतेम ०.०७ डेसिबल घेतो. इथला कपॅसिटर एक्स ७ आर असेल तर त्याची क्षमता सिग्नलच्या व्होल्टेजबरोबर बदलत राहते आणि वरच्या पट्टीत किंचित विकृती येते. सीओजी (एनपीओ असंही म्हणतात) प्रकारचा २.२ नॅनोफॅरड लावला की प्रश्न संपला. फरक छोटा आहे, पण दोन कपॅसिटर मिळून एका चहाच्या किमतीत येतात, म्हणून करायचं. चार नॅनोफॅरड, दहा नॅनोफॅरड असं वाढवत नेलं की ‘मऊ’ वाटतं खरं, पण ते मऊ वाटणं म्हणजे वरचे स्वर कापले जाणं.

डाव्या-उजव्या आउटपुट पिना या फिल्टरनंतरच्या आहेत का, हेही पाहा: पॉवर बंद ठेवून चिपच्या पाय ६ च्या रेषेपासून डाव्या पिनेपर्यंत ४७० ओहम दिसायला हवेत. शून्य दिसलं तर पिनेवरून घेतलेला आवाज फिल्टरशिवायचा.

३.५ मिमीच्या जॅकचा भरवसा धरू नका, काही महिन्यांत एक बाजू जायला लागते. आरसीए सॉकेट लावा, आउटपुट पिनांवरून शील्ड केलेली तार घ्या. आणि त्या जॅकमध्ये हेडफोन लावायचा नसतो, तो दिसतो तसा नाही. चिप १ किलोओहमपर्यंतचा भार चालवते. ३२ ओहमचा हेडफोन लावला तर मधले ४७० ओहमच सगळा सिग्नल खातात आणि हातात सव्वाशे-दीडशे मिलीव्होल्ट येतात. आवाज बारीक, आणि हेडफोनच्या इम्पिडन्सप्रमाणे वाकडा.

हम आला तर

सेल लावूनही ५० हर्ट्झची गुणगुण येते, अशी तक्रार नेहमीची. सेल याला उपाय नाही, कारण ग्राउंडची तार अजून पायला जोडलेली आहे. पायच्या दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमधून थोडा गळतीचा करंट सतत येतो. अ‍ॅम्प्लिफायर अर्थ केलेला असेल तर तो करंट आरसीए तारेच्या शील्डमधूनच घरी जातो. आधी रास्पबेरी पाय, अ‍ॅम्प्लिफायर आणि नेटवर्कची तार, सगळं एकाच एक्सटेंशन बोर्डवर घ्या. नेटवर्कची तार काढून वायफायवर चालवून पाहा. गुणगुण गेली तर चोर सापडला.

तरीही राहिली तर आय-टू-एस च्या तारांत एसआय ८६४० सारखा चार वाटांचा डिजिटल आयसोलेटर घाला. एका बाजूला पायचे ३.३ व्होल्ट (पिन १) आणि पायचं ग्राउंड, दुसऱ्या बाजूला सेलवरून स्वतंत्र एलपी ५९०७ ने केलेले ३.३ व्होल्ट आणि डॅकचं ग्राउंड. दोन्ही ग्राउंड आता एकमेकांना कुठेही भिडू द्यायचे नाहीत, धातूच्या डब्यातूनसुद्धा. आयसोलेटरची डॅककडची बाजू थेट सेलला जोडू नका: ४.२ व्होल्टचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या चिपमध्ये गेला तर इनपुट जळतील. आयसोलेटर किंचित जिटर घालतो, पण हम असलेल्या जोडणीत हा सौदा नेहमी फायद्याचा.

हमसारखीच दुसरी तक्रार म्हणजे व्हॉल्यूम थोडा वाढवताच आवाज फाटणं. हा दोष बहुतेक वेळा डॅकचा नसतो. टीपीए ३११६ चे स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड वीसपट किंवा त्याहून जास्त गेनवर असतात. २.१ व्होल्ट गुणिले २० म्हणजे ४२ व्होल्ट, तेवढे त्याच्या सप्लायमध्येच नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन कमी करा, नाहीतर त्याच्या इनपुटला ४.७ किलोओहमच्या दोन रेझिस्टरचा निम्मा करणारा विभाजक लावा.

मोजणं आणि ऐकणं

प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर मोजा, एका वेळी एकच बदल करा. साधा मल्टिमीटर असेल तर १०० हर्ट्झचा, ० डेसिबल एफएसचा (फुल स्केलचा) स्वर वाजवून आउटपुटवर एसी व्होल्ट पाहा. २.० ते २.१ यायला हवेत, दोन्ही चॅनेल सारखे. १ किलोहर्ट्झचा स्वर वापरू नका, बरेचसे स्वस्त मीटर काहीशे हर्ट्झच्या वर खोटं बोलतात. मग स्वर थांबवून डीसी मोजा. एक-दोन मिलीव्होल्ट ठीक, वीसच्या वर गेला तर आउटपुटचे सोल्डरचे डाग आणि कपॅसिटर तपासा.

ऑडिओ इंटरफेस असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि डॅकचं आउटपुट लाइन-इनला देऊन स्पेक्ट्रम पाहा. इथे एक मोठा सापळा आहे. शांततेची फाइल लावून गोंगाट मोजायला गेलात तर आकडा अविश्वसनीय चांगला येतो, कारण १०२४ नमुने सलग शून्य आले की ही चिप आपलं आउटपुट स्वतः म्यूट करते. म्हणजे तुम्ही मोजता ते बंद दार. त्याऐवजी उणे ६० डेसिबलचा १ किलोहर्ट्झचा स्वर चालू ठेवा आणि त्याच्या आजूबाजूची जमीन किती खाली आहे ते पाहा. ५० आणि १०० हर्ट्झला सुळके असतील तर ग्राउंड किंवा मेन्स. ८ किलोहर्ट्झला आणि त्याच्या पटीत सुळके असतील तर यूएसबीची धडधड पॉवरमधून येतेय. १० ओहमचं काम नीट झालं की हेच सुळके सगळ्यात आधी बसतात.

कानाने तुलना करायची तर जुना न बदललेला बोर्ड दुसऱ्या इनपुटला लावा आणि दोन्हींचा आवाज मल्टिमीटरने ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, म्हणजे २ व्होल्टला साधारण २० मिलीव्होल्टचा फरक, त्याहून जास्त नको. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. कोणता बोर्ड चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नका, इनपुट दुसऱ्या माणसाला बदलू द्या, आणि एकाच तुकड्याचे वीसएक सेकंद पुन्हा पुन्हा ऐका.